इथे मुली गात असत

६ फेब्रुवारी

प्रिय मामा,

फोनवर तुमच्याशी बोलायला बसलं की निम्मा वेळ हवापाण्यात जातो आणि उरलेला 'जेवलीस का, झोपतेस का' यात. म्हणून लिहायला घेतलंय.

गोष्ट सुधारगृहाची आहे. नदीपलीकडची ती लांबलचक दगडी इमारत, जिथे पूर्वी 'उनाड' मुलींना आणून डांबायचे. बंद पडून कित्येक वर्षं झाली. आता सरकारनं डागडुजी करून तिथे सांस्कृतिक केंद्र काढलंय आणि आतलं प्रदर्शन उभं करायचं काम आपल्या संस्थेकडे आलंय. तुमच्या मागून अकरा वर्षं मी ही खुर्ची सांभाळतेय. वाचनगट चालवले, तुरुंगात व्याख्यानं लावली, पाटीवरचा 'मानव्यविद्या' शब्द वाचून पत्रिका दाखवायला आलेल्यांना परत पाठवलं. पण इतकं जिवाभावाचं काम यापूर्वी हाती आलं नव्हतं.

आम्ही त्या मुलींना शोधून काढलं. मुली म्हणजे आता सत्तरीच्या बायका. आमची रेकॉर्डिंगवाली दीड वर्ष राज्यभर वणवण फिरली आणि त्यांचे आवाज घेऊन आली. प्रदर्शनाची कल्पना अगदी साधी आहे. एकेका खोलीत जायचं, बटण दाबायचं, की त्या खोलीत राहिलेली बाई तुमच्याशी बोलायला लागते. त्यांतल्या एक टेलरबाई आहेत. पंधराव्या वर्षी एका शिलाईच्या दुकानात कामाला होत्या. मालकानं अंगचटीला यायचा प्रयत्न केला तेव्हा हातातली लोखंडी मोजपट्टी त्याच्या कानाखाली हाणली. "कोर्टात त्याला बसायला खुर्ची दिली," त्या सांगतात, "आणि मला सुधारायला पाठवलं."

आता अडचण. गेल्या महिन्यात मंत्रालयानं आपल्यावर नवे अध्यक्ष नेमले. ऑफिसात आम्ही त्यांना 'इस्त्री' म्हणतो. कपडे कडक, भांग सरळ आणि प्रत्येक वाक्यावर गरम हात फिरवून मगच बाहेर सोडणार. काल त्यांनी सगळं प्रदर्शन पाहिलं, ऐकलं आणि मला केबिनमध्ये बोलावलं.

"काम अप्रतिम झालंय," ते म्हणाले. "फक्त हे आवाज जरा जड होतात."

"जड म्हणजे?"

"लोक सुटीच्या दिवशी मुलाबाळांना घेऊन येणार. त्यांना इमारत बघू द्या, कमानी बघू द्या. उगाच कशाला खपल्या काढायच्या?"

"खपली त्यांची आहे, साहेब. त्यांच्याच हातानं काढतायत."

त्यावर त्यांनी माहितीपत्रकाचा मसुदा पुढे सरकवला. तळमजल्यावर टोकाला बिनखिडकीची एक खोली आहे. मुली तिला अंधारखोली म्हणायच्या. मसुद्यात तिचं नाव होतं 'संगीत दालन' आणि खाली ओळ होती, 'इथे मुली गात असत.'

मामा, यात अक्षरही खोटं नाही. गातच असत. जेवताना कुणी बोललं की तिला त्या खोलीत कोंडायचे आणि आतली मुलगी गात राहायची, बाहेरच्यांना कळावं की ती अजून शुद्धीवर आहे. एवढं आमच्याच रेकॉर्डिंगमधून उचलून, उरलेलं पुसून, त्यांनी ही ओळ बनवली होती.

मी नाही म्हटलं. एकही आवाज काढणार नाही. ते हसून म्हणाले, "विचार करा." मी म्हटलं, "झाला करून."

तुम्ही माझ्या जागी असता तर हेच केलं असतं, हो ना?

तुमची,
चिंगी


१५ फेब्रुवारी

चिंगे,

नाही. मी असतो तर हे केलं नसतं.

रागावू नकोस, आधी शेवटपर्यंत वाच. तुझ्या लेखी मी मोठा वाघ आहे. लहानपणी तुला खांद्यावर बसवून मोर्चात नेलं, त्याचा हा परिणाम. पण ही संस्था मी वाघासारखी नाही चालवली. मी मांजरासारखा वावरलो, पावलं न वाजवता. तुरुंगातला वाचनगट सुरू झाला तेव्हा तिथल्या अधिकाऱ्याला एक पुस्तक खटकलं. मी वाद न घालता ते यादीतून काढलं आणि दुसरं घातलं. गट चालू राहिला. त्या गटात अक्षरओळख झालेला माणूस आज तुमच्याच एका वाचनालयात पुस्तकं देतो-घेतो. त्या दिवशी मी बाणा दाखवला असता तर तो अजून अंगठाच उठवत असता. मी त्या अधिकाऱ्यापुढे मान तुकवली याचं मला कधी वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही.

तुझी इमारत सरकारची. ऑफिस सरकारच्या जागेत. संस्थेची मान्यता सरकारच्या सहीची. इस्त्रीच्या मनात आलं तर महिन्याभरात सगळ्याला कुलूप लागेल. मग डोंगरातल्या वाचनालयात दर आठवड्याला जमणाऱ्या त्या म्हाताऱ्यांचं काय? कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये जेवणाच्या सुटीत पुस्तक वाचणाऱ्या बायकांचं काय? तुझ्या स्वाभिमानाचा फटका तुला नाही, त्यांना बसणार आहे.

आवाज कपाटात जपून ठेव. अध्यक्ष येतात नि जातात. दहा वर्षांनी कुणीतरी ते कपाट उघडेल.

अध्यक्षांचं मलाही एक पत्र आलं होतं, सहज विचारपूस करणारं. माणूस वाईट वाटला नाही. माझी मुलगी म्हणते, बाबा, तिला तिचं करू दे. पण तिनं कधी संस्था चालवलेली नाही. नवऱ्यालाच चालवलंय फक्त.

नीट विचार कर.

मामा


२७ फेब्रुवारी

प्रिय मामा,

नीट विचार केला. मग वाटलं, मी एकटीनं विचार करून काय उपयोग? आवाज ज्यांचे आहेत त्यांना कुणी विचारलंय?

म्हणून ड्रायव्हरकाकांना म्हटलं, काढा गाडी. संस्थेची ती खडखडणारी व्हॅन घेऊन आम्ही एकेकीच्या दारात गेलो. मी, काका आणि रेकॉर्डिंगवाली. मी प्रत्येकीला सगळं खरं सांगितलं. तुमचा मुद्दाही सांगितला, काही न गाळता. की हट्ट धरला तर संस्था बंद पडू शकते, गट मोडू शकतात. की आवाज आत्ता कपाटात ठेवता येतील आणि पुढे कधीतरी बाहेर काढता येतील.

एक आजी पूर्वी नर्स होत्या. त्यांनी मला अर्ध्यावर थांबवलं. "पुढे कधीतरी म्हणजे कधी? बाई, मी हॉस्पिटलात जन्म काढलाय. माझ्या छातीचा फोटो मला वाचता येतो." मग म्हणाल्या, "माझ्या नातीनं ते रेकॉर्डिंग ऐकलंय. आता ते काढलं तर तिला वाटेल, आजीनं काहीतरी लपवण्यासारखं केलं होतं."

एकीनं मात्र सांगितलं की माझा आवाज काढून टाका. तिच्या सासरी अजून कुणाला माहीत नाही आणि तिला ते माहीत व्हायला नको आहे. आम्ही तिच्या समोर बसून तो पुसला. ती म्हणाली, "तुम्ही चिडला नाहीत?" मी म्हटलं, कशाला चिडू? आवाज तुमचा. तिनं आम्हाला चहा पाजला आणि जाताना काकांना व्हॅनसाठी जुनी उशी दिली, त्यांची सीट फाटलीय म्हणून.

बाकी सगळ्या आवाज कपाटात ठेवायला नाही म्हणाल्या. टेलरबाई तर मशीनवरून उठल्याही नाहीत. पाय चालू ठेवूनच बोलल्या. "कापायचं म्हणतायत? कापणं हा माझा धंदा आहे. दुसऱ्याच्या कापडाला त्याला विचारल्याशिवाय कात्री लावत नाहीत, एवढं त्या तुमच्या साहेबाला सांगा."

मी जसंच्या तसं सांगितलं. लेखी.

मामा, तुरुंगातलं पुस्तक तुम्ही काढलंत तेव्हा ते पुस्तक कुणाला दुखलं नाही. त्याच्या जागी दुसरं मिळालं. नर्सआजींच्या जागी मी दुसरं काय ठेवू? तुमचा हिशेब मला कळतो. पण ज्यांना एकदा आपल्या सोयीसाठी कोंडलं, त्यांना परत सोयीसाठी कोंडायचं, आणि या खेपेला ते मी करायचं? नाही जमायचं मला. मग पाटी राहो की जावो.

चिंगी


११ मार्च

मामा,

काल निमंत्रणपत्रिका पाहिली. गुळगुळीत कागद, सोनेरी किनार. 'उद्घाटक : संस्थेचे संस्थापक' आणि पुढे तुमचं नाव.

सहज विचारपूस करणारं पत्र म्हणालात ना?

मला सक्तीच्या रजेवर पाठवलंय. ऑफिसचं कुलूप बदललं. रेकॉर्डिंगं पेटीत घालून सील केली. सुधारगृहाच्या दारावरच्या पहारेकऱ्याला माझा फोटो दिलाय म्हणे, आत सोडू नये म्हणून. निदान बरा फोटो द्यायचा होता.

तुम्ही मला नको म्हणालात, ते मी ऐकून घेतलं. तो तुमचा हक्क होता. पण त्यांना हो म्हणून बसला होतात आणि मला विचार कर म्हणत होतात, हे मला लागलं.

काही दिवस लिहिणार नाही.

चिंगी


३० मार्च

चिंगे,

तू लिहिणार नाहीस म्हणालीस आणि खरंच लिहिलं नाहीस. लहानपणी निदान दाराआडून हुंदके तरी ऐकू यायचे.

मी उद्घाटनाला हो म्हटलं होतं, हे तुला सांगायला हवं होतं. माझा हेतू असा की मी मधे उभा राहिलो तर ते तुला फार त्रास देणार नाहीत. म्हाताऱ्याची लाज धरतील. शिवाय खोटं कशाला बोलू, कुणीतरी आठवण काढली याचा आनंदही झाला होता. इथे मला कुणी काही कापायला बोलावत नाही. सकाळी भाजी कापायला बसलो तर मुलगी सुरी काढून घेते.

काल अध्यक्षांचं परत पत्र आलं. लिहितात, 'संचालकबाईंनी अखेर समजूतदारपणा दाखवला. सही करून दिली. आता सगळं सुरळीत आहे.'

बरं केलंस. मी सांगत होतो तेच केलंस. संस्था वाचली.

हे एवढं लिहून मी पेन खाली ठेवलं होतं, चिंगे. पाकीट चिकटवायला घेतलं आणि हात चालेना. तू माझं ऐकलंस तर मला आनंद व्हायला हवा होता. मी ती ओळ वाचली आणि माझं जेवणावरून मन उडालं. जावई म्हणाला, काही दुखतंय का? मी म्हटलं, नाही. पण दुखत होतं. आपली चिंगी सुद्धा शेवटी सही करून देते म्हटल्यावर मग उरलं काय, असं काहीतरी मनात आलं. आता तूच सांग, अशा माणसाचं काय करायचं? सल्ला स्वतःच द्यायचा आणि मानला तर तोंड पाडून बसायचं.

तुला दोष देत नाही. फक्त तू कशी आहेस ते कळव.

मामा


५ एप्रिल

मामा,

मी कसलीही सही केलेली नाही!

म्हणजे केली. किल्ल्या परत दिल्या त्याची. त्या इस्त्रीनं त्यावरही हात फिरवून 'समजूतदारपणा' करून टाकला. तुम्हाला मी पन्नास वर्षं माहीत आहे आणि त्याला तीन महिने, तरी तुम्ही त्याचं ऐकलंत. पण तुमचं जेवण गेलं हे वाचून माझा निम्मा राग गेला. उरलेला समोरासमोर काढीन.

हल्ली आमचं ऑफिस टेलरबाईंच्या दुकानात भरतं. शिवायला आलेल्या कपड्यांच्या ढिगाऱ्यावर मी बसते, इस्त्रीच्या टेबलावर रेकॉर्डिंगवाली बसते (खऱ्या इस्त्रीच्या). तिनं राजीनामा दिलाय. ड्रायव्हरकाकांना अध्यक्षांनी विचारलं, तुम्ही कुणाच्या बाजूचे? काका म्हणाले, "मी डाव्या बाजूनं चालवतो साहेब, समोरचा चुकीच्या बाजूनं आला तर हॉर्न वाजवतो." त्यांनाही काढलं.

मी सगळ्या बायकांना कळवलं की आवाज सील झाले, मला माफ करा. नर्सआजींचा उलटा निरोप आला, "आवाज कसे सील होतील? माझा तर माझ्याजवळच आहे."

तेव्हापासून आमच्या डोक्यात एक गोष्ट घोळतेय. त्यांनीच वर्तमानपत्रात छापलंय, 'उद्घाटन सोहळा सर्वांसाठी खुला.' आता या बायका 'सर्वां'मध्ये मोडतात की नाही?

तुम्ही फीत कापायला या. खुशाल कापा. फक्त कापून झाल्यावर लगेच गाडीत बसू नका, एवढंच मागणं आहे.

चिंगी


१९ एप्रिल

चिंगे,

गाडीच्या काचेतून तू दिसलीस. रस्त्यापलीकडे, एका टेम्पोच्या पायरीवर. मी हात केला तोवर मुलीनं गाडी वळवली. तिला माझ्या रक्तदाबाची काळजी. त्यामुळे आत काय झालं ते तुला बायकांनी सांगितलं असणारच, पण माझ्या बाजूनं कसं दिसलं ते मला लिहायचं आहे.

फीत कापली. टाळ्या झाल्या. अध्यक्षांनी माझा कोपर असा धरला होता की मी एखादी बरणी आहे आणि माझं झाकण सैल आहे. मागे पाहुणे आणि त्यांच्यामागे आम जनता. माहिती सांगायला एक नटवर्य नेमले आहेत. रंगभूमीवरून निवृत्त, आवाज घुमारदार. कमानी झाल्या, जिना झाला. मग आम्ही त्या टोकाच्या खोलीत शिरलो. भिंती पांढऱ्याशुभ्र आणि मधोमध काचेत ठेवलेली एक पेटी. वाजवायची पेटी. ती कुठून आणली देव जाणे.

"हे संगीत दालन," नटवर्य म्हणाले. "इथे मुली गात असत."

"हो," मागून आवाज आला. "मी गायचे."

सगळे वळले. गडद निळ्या कपड्यातली एक ठेंगणी बाई, गळ्यात मोजायची टेप. नटवर्यांना मनापासून आनंद झाला. "वा! म्हणजे आपण इथल्या विद्यार्थिनी!"

"कैदी," बाई म्हणाल्या.

"पण गायन शिकायला..."

"शिकायला कुठलं? जेवताना बोलले म्हणून कोंडलं होतं. ही पेटी नव्हती. दिवाही नव्हता. गाणं थांबलं की बाहेरच्या मुली दार वाजवायच्या, शुद्ध गेली की काय बघायला. म्हणून येईल ते गायचं. गाणी संपली की पाढे म्हणायचे."

अध्यक्ष पुढे झाले. चेहऱ्यावर तेच हसू. "फार हृद्य आठवण. वेळ थोडा आहे, आपण पुढच्या दालनात..."

आणि मग, चिंगे, माझ्या तोंडून निघालं, "थांबा."

माझा डावा कान दोन वर्षांपूर्वीच गेला आणि उजवा मर्जीप्रमाणे चालतो. पण खरं सांगतो, त्या दिवशी मला सगळं लख्ख ऐकू आलं होतं. तरी मी कानाला हात लावून म्हटलं, "बाई, मला नीट ऐकू येत नाही. काय म्हणालात? मोठ्यानं सांगा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांना बरोबर उमगलं. त्यांनी पहिल्यापासून सगळं मोठ्यानं सांगितलं. मी म्हटलं, "अजून मोठ्यानं." त्या खोलीत आवाज काय घुमतो! वार्ताहरांनी वह्या काढल्या. अध्यक्ष माझ्या चांगल्या कानाशी वाकून म्हणाले, "मी तुम्हाला नंतर समजावून सांगतो."

मी म्हटलं, "तुम्ही कसं सांगणार? तुम्ही इथे नव्हता."

त्यानंतर दालनं त्यांची राहिलीच नाहीत. पुढच्या खोलीत तुझ्या नर्सआजी उभ्या होत्या. त्यापुढे आणखी दोघी. नटवर्य तोंड उघडायचे आणि कुणीतरी शांतपणे म्हणायचं, "मी सांगू का?" शेवटी माझं भाषण होतं. मी माइकशी जाऊन म्हटलं, मला काही बोलायचं नाही, ज्यांना बोलायचंय त्यांना बोलू द्या, आणि नर्सआजींना पुढे केलं. कुणीतरी माइक बंद केला. आजींनी त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि तो बाजूला सरकवला. वॉर्डात हाका मारून कमावलेला गळा तो. शेवटच्या रांगेपर्यंत पोचला.

मी तुला जे लिहिलं होतं त्यातलं निम्मं मी अजूनही मागे घेणार नाही. संस्था टिकायला हवी. फक्त मी त्या खोलीत उभा राहून विचार करत होतो की आत्ता संस्था कुठे आहे? पाटी अध्यक्षांकडे, किल्ल्या अध्यक्षांकडे. आणि संस्था तर माझ्यासमोर गळ्यात टेप अडकवून पाढे म्हणत होती.

परतीच्या वाटेवर मुलगी रागवेल असं वाटलं होतं. तिनं आधी गाडीची काच वर केली. मग म्हणाली, "बाबा, तुम्हाला सगळं ऐकू येत होतं ना?" मी म्हटलं, "काय? मोठ्यानं बोल."

मामा


२२ मे

प्रिय मामा,

पत्राला उशीर झाला, कारण रोज काहीतरी घडतंय. आधी वाईट बातम्या उरकते.

तुमचं नाव संस्थेच्या छापील कागदांवरून उडवलंय. संस्था आता आपोआप उगवली असं समजायचं. तुरुंगातला वाचनगट बंद केला, अध्यक्षांच्या सहीनं. मी फार रडले त्या दिवशी. तुम्ही बजावलं होतं की फटका दुसऱ्यांना बसेल, तो बसला. तिथल्या लोकांना मी काय सांगणार? पण डोंगरातल्या म्हाताऱ्यांनी कळवलं की पाटी नसली तरी आम्ही जमतो, तुम्ही पुस्तकं घेऊन या. कॅन्टीनमधल्या बायकांनी तर विचारलंच नाही, पुढचं पुस्तक कुठलं ते मलाच सांगितलं. काका व्हॅन नसल्यामुळे पुतण्याच्या टेम्पोतून पुस्तकं पोचवतात. रेकॉर्डिंगं अजून पेटीतच आहेत. त्यासाठी आम्ही एक वकिलीण गाठलीय, ती लढतेय.

आता बाकीचं. उद्घाटनानंतर बायका थांबल्याच नाहीत. रोज दोघी-तिघी येणार, खिडकीवर तिकीट काढणार आणि सगळ्यांबरोबर फिरणार. तिकीट काढलेल्या माणसाला हाकलायचं कसं? एखादी ओळ चुकली की त्या हळूच दुरुस्त करायच्या. पहिला आठवडाभर नटवर्य कपाळावरचा घाम पुसत होते. दुसऱ्या आठवड्यात ते त्या खोलीत आले, 'इथे मुली' एवढं म्हणाले आणि तिथेच अडले. मग टेलरबाईंना म्हणाले, "बाई, मी आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं बोललो. हे मला बोलवत नाही. तुम्हीच सांगा." तेव्हापासून ते फक्त दारं उघडतात.

लोक मग त्यासाठीच यायला लागले. शाळा आल्या. रांगा लागल्या.

मग अध्यक्षांनी मला बोलावलं. या खेपेला चहा होता. "परत या," म्हणाले. "त्या बायकांनाही आपण सामावून घेऊ. ठरलेला वेळ देऊ, ओळखपत्र देऊ. फक्त काय बोलायचं ते आधी एकदा आपण सगळे मिळून बघून घेऊ."

"बघून घेऊ म्हणजे?"

"म्हणजे भाषा जरा..."

मी चहा पूर्ण प्यायले, कारण चहा चांगला होता. मग म्हटलं, "साहेब, त्यांच्या वतीनं हो किंवा नाही म्हणायचा मला हक्कच नाही. त्या दुकानात सापडतील, तुम्ही स्वतः जाऊन विचारा. माझ्यापुरतं म्हणाल तर नाही." ते दुकानात गेले नाहीत. काल सकाळी सुधारगृहाच्या फाटकावर पाटी लागली, 'दुरुस्तीसाठी अनिश्चित काळ बंद.'

महिन्याभरापूर्वी उघडलेली इमारत, मामा! रंग अजून ओला असेल.

आम्ही गेलो तेव्हा फाटकाबाहेर बरीच माणसं खोळंबली होती. एक शिक्षिका वर्ग घेऊन आली होती, कुणी लांबून आलं होतं. पहारेकरी म्हणाला, मला काही विचारू नका. मी वकिलिणीला फोन लावायला निघाले. टेलरबाईंनी माझा दंड धरला. "कुणाला फोन करताय? बंद तर बंद. आत काय होतं ते मला बाहेरूनही सांगता येतं."

फाटकाच्या दगडी कट्ट्यावर त्या बसल्या आणि माणसं समोर फरसबंदीवर बसली. रस्ता अडला. नटवर्य कुठूनसे आले आणि त्यांच्या शेजारी जाऊन उभे राहिले, पाण्याची बाटली घेऊन. बाई सांगायला लागल्या. या वेळी त्यांनी अंधारखोलीचं नाही सांगितलं. सुटून बाहेर आल्या त्या दिवसाचं सांगितलं, जे त्यांनी आमच्या रेकॉर्डिंगमध्येही कधी सांगितलं नव्हतं. त्यांना न्यायला कुणी आलं नव्हतं. याच फाटकात त्या उभ्या राहिल्या आणि डावीकडे जायचं की उजवीकडे, हे आपल्याला कुणी सांगत नाहीय, हे त्यांच्या लक्षात आलं.

तेवढ्यात आतून अध्यक्षांची गाडी आली. पहारेकऱ्यानं फाटक उघडलं, पण पुढे सगळी माणसं बसलेली. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. कुणी हललं नाही. परत वाजवला. अध्यक्षांनी काच खाली केली. "बाई," ते म्हणाले, "जरा वाट द्या. मला मीटिंगला जायचंय."

टेलरबाईंनी त्यांच्याकडे मान वळवली. आवाज अजिबात चढवला नाही.

"थांबा," त्या म्हणाल्या. "माझं सांगून होऊ दे."

पहारेकरी अध्यक्षांकडे बघत होता, अध्यक्ष पहारेकऱ्याकडे. वर्गातल्या पोरी पाठ ताठ करून बसल्या होत्या. मग अध्यक्षांनी हात पुढे केला आणि गाडीचं इंजिन बंद करायला सांगितलं.

बाईंनी ते वाक्य पूर्ण केलं. घोटभर पाणी प्यायल्या. आणि पुढचं सुरू केलं.

तुमची,
चिंगी